येऊ दे

साहेबांनी आधी फोटो पाठवले होते.
एकावन्न सालची डॉज, हिरवी, कोणाच्या तरी अमेरिकेतल्या अंगणात.
म्हणाले, अशीच पाहिजे, एक स्क्रूसुद्धा वेगळा नको.
मी म्हणालो, होईल.
गाडी माझ्या ओळखीची आहे, हे नाही म्हणालो.
भाव पडला असता.

टावरींच्या जिनिंगमागे बाभळीखाली होती ती,
चारही चाकं रिमवर,
हौद्यात सरकी रुजून पऱ्हाटी कमरेएवढी,
पाचसहा बोंडं फुटलेली, वेचायला कोणी नाही.
बॉनेटखाली मुंगसाचं बिऱ्हाड.
आमच्या खारपाणपट्ट्यात लोखंड माणसाआधी म्हातारं होतं.
फाळक्याला हात लावला
तर मूठभर तिखट हातात आलं.

चौदा महिने गेले.
काचेची रबरं कोईमतूरहून,
कार्बोरेटरचा कीट जहाजातून,
त्यावर साहेबांनी भरलेली जकात माझ्या दुकानाच्या भाड्याहून जास्त.
सहा पिस्टन घासलेटात बुडवून ठेवले पातेल्यात,
बायको म्हणाली, लोणचं घातलं काय?

स्टेअरिंग डावीकडे.
त्यामुळे समोरून काय येतंय ते रहेमतखाँला दिसत नसे,
दिसे माझ्या बापाला.
देवमन क्लीनर, उजव्या खिडकीतून अर्धा बाहेर:
"येऊ दे... येऊ दे... थांब! रेंगी हाय...
आता काढ."
बावीस वर्षं एक माणूस चालवत होता
आणि दुसरा बघत होता.
पगार चालवणाऱ्याला जास्त.

सुट्टीत मी दोघांच्या मध्ये.
पायाशी भोक,
आधी चार आण्याएवढं, पुढं भाकरीएवढं.
इतर पोरं खिडकीसाठी भांडत,
मी रस्ता वरून पाहिला.
गिट्टी, शेणाचा पो, सांडलेल्या कापसाची रेघ,
लासूरच्या पुढं नुसती काळी माती,
आणि नदीच्या रपट्यावर चक्क पाणी, पायाखालून पळणारं,
मला वाटे आपण उभे आहोत, नदीच निघाली कुठंतरी.

"पाय वर घे रे," बाप म्हणे, मागं न बघता,
"रस्ता चप्पल खाते."
येवद्यापाशी एकदा खाल्लीच. डावी.
रहेमतखाँनं गाडी मागं घेतली, मैलभर,
बाप खिडकीतून येऊ दे येऊ दे म्हणत.
मी रडत होतो, म्हटलं जाऊ द्या चाचा.
"पेट्रोल सेठ का है बेटा,
चप्पल अपनी है."

तो पत्रा मीच कापला.
सोळा गेजचा नवा बसवला, टाके मारले, ग्राइंडर फिरवला,
डोळे मिटून बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही.
साहेब गाडीखाली आडवे झाले टॉर्च घेऊन,
पुण्याचा पांढरा शर्ट, आमची माती.
खूश होऊन निघाले. म्हणाले, एकदम ओरिजिनल.
ओरिजिनल तर ते भोक होतं, मी म्हणालो.
मनात. बिल बाकी होतं.

कापलेला तुकडा भंगारातून वेगळा काढलाय.
का, ते विचारू नका, बायकोनं विचारून झालंय.

परवा कंटेनर आला.
गाडी गाडीत चढवायची, रिव्हर्समध्ये, फळ्यांवरून.
बापाला बघायला आणलं होतं,
बघायला म्हणजे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला,
प्लास्टिकच्या खुर्चीत, उन्हाकडे पाठ करून.
इंजिन लागलं.
सहा सिलिंडरांचा तो जाड, कफाचा आवाज.
म्हाताऱ्याची मान उजवीकडे वळली.

"येऊ दे," म्हणाला.
कंटेनरचा पोरगा आरशात बघत होता, सुपरवायझर हात हलवत होता,
मी क्लचवर.
"येऊ दे... येऊ दे..."
कोणाचं ऐकायचं हा प्रश्नच नव्हता माझ्या पायाला.
"थांब."

थांबलो.
उतरून मागं गेलो बघायला.
पत्र्याच्या भिंतीला दोन बोटं उरली होती.